खाच नसलेला पंखा

आमच्या मावशीला सगळं बंदर 'कानवाली' म्हणायचं. घरात मात्र दोन-चार हाका मारल्याशिवाय तिच्याकडून ओ मिळायची नाही. "दिवसभर कान विकून येते, घरी आणायला उरतात कुठे?" असं म्हणायची आणि वर माझ्यावरच डाफरायची, की तूच पुटपुटतेस. मी पुटपुटत नाही. माझा आवाज चार घरं पलीकडे जातो, हवं तर त्या चार घरांना विचारा.

कान विकायची म्हणजे काय, ते आधी सांगते. आमच्या समुद्राचं पाणी कोमट आहे. त्याची वाफ होते, वाफेचं धुकं होतं आणि ते धुकं वर्षभर हटत नाही. हात लांब केला तर आपलीच बोटं जेमतेम दिसतात. दिवे लावून झाले, दुर्बिणी लावून झाल्या, सगळ्यांनी हात टेकले. म्हणून बंदराच्या बांधाच्या टोकाला एक खोली बांधली आणि तिथून जाड नळ्या पाण्यात खोल सोडल्या. नळ्यांच्या वरच्या टोकाला चामड्याच्या वाट्या. त्या कानाला लावून मावशी बसायची आणि येणाऱ्या जहाजाचा पंखा ऐकायची. पंखा म्हणजे जहाजाच्या बुडाशी फिरणारा, पाणी मागे लोटणारा. त्याच्या घुमण्यावरून ती सांगायची, जहाज कुठलं, कुठल्या वाटेनं येतंय, भरलेलं आहे की रिकामं. मी शेजारी घंटेचा दोर धरून उभी. मावशीनं मान हलवली की एक टोल. मग बंदरातल्या होड्या निघायच्या आणि जहाजाला हाताला धरून आत आणायच्या.

दोन टोलांचा अर्थ तेव्हा काहीच नव्हता. तो पुढे आला.

ज्या पंख्यांवर तिचे कान चालायचे, ते बहुतेक सगळे पंखे तिच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या काकांनी घडवलेले. काकांची भट्टी बंदरामागच्या गल्लीत होती. माणूस अंगानं बारका, पण हातात हातोडा आला की वेगळाच दिसायचा. पंखा पूर्ण झाला की ते त्याच्या एका पात्याच्या कडेला कानशीनं छोटीशी खाच पाडायचे. दृष्ट लागू नये म्हणून, असं सांगायचे. त्या खाचेमुळेच प्रत्येक पंख्याला त्याचा आवाज मिळायचा. कुठलाही पंखा खाचेवाचून सोडायचा नाही, हा त्यांचा हट्ट. एकदा एक तालेवार कप्तान म्हणाला, "मला गुळगुळीत पंखा पाहिजे, एवढे पैसे देतोय ते भोक पाडून घ्यायला का?" काकांनी घडवलेला पंखा परत भट्टीत टाकला आणि म्हणाले, "या आता."

आणि दुसरी रीत अशी, की नवा पंखा पहिल्यांदा समुद्रात निघाला की घडवणाऱ्यानं त्याच जहाजात बसायचं. तेसुद्धा अगदी मागच्या कप्प्यात, पंख्याच्या डोक्यावर. पंखा फुटला तर पहिलं पाणी त्याच्या नाकातोंडात गेलं पाहिजे. या पहिल्या फेरीहून परत येताना काका जहाजाच्या बुडावर हातोडीनं ठोकायचे. एक ठोका, जरा थांबून लागोपाठ दोन. ठक्. ठक्-ठक्. मावशी नळीतून ते ऐकायची, वाट्या माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "धर. भुकेला माणूस येतोय, मी चुलीकडे जाते." एवढ्या मोठ्या समुद्रातून नवरा जेवायला हाक मारतो, असं भाग्य दुसऱ्या कुठल्या बाईचं नव्हतं. ती मात्र म्हणायची, "भाग्य कसलं, कटकट आहे."

आता भांडणाकडे येते. आमचे पूर्वज आकाशातून एका थोरल्या जहाजात बसून आले आणि ते जहाज या समुद्रात पडलं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढे फाटे. काही म्हणतात, ते जहाज तळाशी आहे, एक दिवस वर येईल आणि आपल्याला घरी नेईल. म्हणून जेवणाआधी मान खाली घालायची. काही म्हणतात, पडला तो नुसता तुकडा, खरं जहाज अजून वरच फिरतंय, तेच न्यायला येईल. म्हणून मान वर करायची. हे खालचे आणि ते वरचे. मावशी खालची, काका वरचे. जेवायला बसले की ही ताटाकडे बघायची आणि ते आढ्याकडे. तेवढ्यात ही त्यांच्या ताटातला मोठा तुकडा उचलायची. "तुम्ही जहाजाकडे लक्ष ठेवा," म्हणायची, "ताटाकडे मी बघते." काकांना ते ठाऊक असायचं, म्हणून ते मुद्दाम जरा जास्तच वेळ वर बघायचे.

असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. कुणाचा घास अडला नव्हता. मग कुणाच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, सभा झाल्या, भाषणं झाली, धक्क्यावर मारामारी झाली. शेवटी हुकूम निघाला, की बंदरात पाऊल टाकणाऱ्यानं आधी पाण्याकडे मान वाकवायची. वाकवणार नाही त्यानं चालू पडायचं. वरच्यांनी आपली जहाजं घेतली आणि समोरच्या बेटांवर गेले.

काकांना मावशी म्हणाली, "अहो, मान वाकवा की जराशी. बुटाची नाडी बांधतोय असं समजा."

"नाडी बांधायला मी कधीही वाकेन," काका म्हणाले. "सांगितलं म्हणून वाकणार नाही. तू चल माझ्याबरोबर."

"मी गेले तर इथे ऐकणार कोण? ही?" माझ्याकडे हात करून म्हणाली. मला राग आला, पण ती खरंच बोलत होती. मी तेव्हा नवखी होते.

दोघंही एकापेक्षा एक हेकट. काका हातोडी पिशवीत टाकून गेले. मावशी दारात उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "येतील आठ दिवसांत. तिथे कोण जेवायला घालतंय यांना!" पण आठवड्याच्या आत लढाई सुरू झाली.

लढाईत दोन टोल आले. एक टोल म्हणजे 'आपले', दोन म्हणजे 'त्यांचे'. दोन टोल पडले की बांधाखालून पोहणारे गोळे सुटायचे. पूर्वजांच्या जहाजातून उरलेली ती चीज, तसली नवी करायला आता कुणाला जमत नाही. पाण्यात सोडला की गोळा पंख्याच्या आवाजामागे पोहत जातो आणि गाठतो. पहिल्या गोळ्यानं पंखा बंद पडतो. दुसरा गोळा त्याच दिशेला सरळ सोडायचा, म्हणजे मागे कुणी उरत नाही. गोळ्यांच्या मुकादमाचा हा नियम. त्याचा सख्खा भाऊ वरच्यांनी बुडवला होता, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

मावशी काकांचे जुने पंखे नळीतून ओळखायची आणि 'दोन' म्हणायची. तिचा चेहरा दगडासारखा व्हायचा. पण त्या जहाजांवर काका नसणार, हे तिला पक्कं माहीत होतं. जुन्या पंख्यावर घडवणारा बसत नाही. ती घाबरायची ती एकाच गोष्टीला. नवा आवाज. खाच असलेला आणि आजवर न ऐकलेला आवाज आला, तर त्या जहाजाच्या मागच्या कप्प्यात काका बसलेले असणार. पहिली फेरी. वरच्यांकडे जहाजं कमी होती, नवं जहाज झालं की थेट आमच्याच अंगावर सोडायचे. 'त्यांचे' म्हणावं तर नवरा जाणार. 'आपले' म्हणावं तर शत्रूचं जहाज बंदरात शिरणार आणि बंदर जळणार, त्यात गल्ल्या, पोरंबाळं, आम्ही सगळेच.

हे बंदरातल्या प्रत्येकाला कळत होतं. मुकादमानं तर तोंडावर विचारलं, "बाई, नवा आवाज आला तर काय सांगाल?"

"जे ऐकू येईल ते," मावशी म्हणाली. "आजवर माझा कान चुकलाय का?"

"नाही."

"मग झालं तर."

तो गेल्यावर तिनं वाट्या पुसायला घेतल्या आणि पुसतच बसली. तेव्हापासून तिचं जेवण सुटलं. खोलीत येताना डबा आणायची आणि तसाच घरी न्यायची. कधीकधी एकदम दचकायची, "आला!" म्हणायची, मी दोर आवळायचे, आणि मग कळायचं की वाटी फार दाबल्यामुळे तिला स्वतःच्याच काळजाचे ठोके ऐकू येत होते. मी चिडायचे. "मावशी, माझा जीव घेशील तू एक दिवस!" भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे. ती म्हणायची, "तुला काय माहीत भीती." काय माहीत म्हणे. मी दोर धरून उभी होते. टोल माझ्याच हातानं पडणार होता.

त्या दिवशी दुपार होती. डबा खिडकीत होता. मावशीनं एकाएकी हात वर केला आणि डोळे मिटले. तिच्या पापण्या, तिच्या कपाळावरची शीर, सगळं मला पाठ झालं होतं. जुना आवाज असला की ती लगेच नाव घ्यायची. या वेळी घेईना.

"नवा आहे," ती म्हणाली.

खालून मुकादमाचा आवाज आला, "काय आहे?" मी ओरडले, "थांबा!"

"मावशी, खाच?"

ती ऐकत होती. घामाचा थेंब तिच्या नाकावरून खाली आला तरी तिनं पुसला नाही. आवाज जवळ येत होता, आता मलाही वाटीबाहेर पुसटसा कळत होता. सरळ घूं. अडखळ नाही, हिसका नाही.

"खाच नाही," ती म्हणाली. मग डोळे उघडून परत म्हणाली, "अगं, खाच नाही! गुळगुळीत आहे. त्यांना दुसरा कोणीतरी घडवणारा मिळाला. यांचं नाही हे काम. हे मरून जातील पण असला पंखा सोडणार नाहीत."

"नक्की?"

"मला शिकवतेस? दोन ओढ."

मी दोन टोल दिले. बांधाखाली गोळा सुटल्याचा हिसका खोलीच्या फरशीला जाणवला. आणि मावशी, जी कित्येक दिवस नीट जेवली नव्हती, तिनं खिडकीतला डबा ओढला, उघडला आणि खायला लागली. तोंडात घास असतानाच हसत होती, रडत होती. "हे भट्टीवरच आहेत," म्हणाली. "बसले असतील कुरकुरत, की माझं काम दुसऱ्याला दिलं." माझाही जीव भांड्यात पडला. कुणाचं तरी जहाज बुडणार होतं आणि आम्ही दोघी आनंदात होतो. लढाई माणसाचं असं करते.

धडाका झाला. खिडकी हादरली. मुकादम खालून ओरडला, "पंखा बंद झाला का बघा!" तो नियमच होता. मावशीनं हातातला घास तसाच ठेवून वाटी कानाला लावली.

तिचं चावणं थांबलं.

मी दुसऱ्या नळीची वाटी उचलली. पंखा बंद होता. पाणी आत शिरत असल्याचा खळखळाट, लोखंड कण्हत असल्याचा आवाज, आणि त्यातून, अगदी स्पष्ट: ठक्. ठक्-ठक्.

जरा वेळानं पुन्हा. ठक्. ठक्-ठक्.

"एक ओढ," मावशी म्हणाली. मला हलताच येईना. "एक ओढ गं! ओढ!" तिनं मला बाजूला ढकललं आणि स्वतःच दोराला लोंबकळली. एक टोल बंदरभर गेला. होडीवाल्यांची धावपळ ऐकू आली. एक टोल म्हटल्यावर होड्या निघणारच.

मुकादम दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. "हे काय? दुसरा गोळा भरून तयार आहे माझा! आत्ता तर दोन दिलेत!"

"जहाज आपलं आहे," मावशी म्हणाली. "गोळा सोडू नका. होड्या गेल्यात."

"आणि मघाशी?"

मावशीनं तोंडातला घास गिळला. उभ्या आयुष्यात तिनं जो शब्द उच्चारला नव्हता, नवऱ्यापाशी नाही, माझ्यापाशी तर नाहीच नाही, तो ती मुकादमाच्या तोंडावर बोलली.

"चुकले," म्हणाली. "माझा कान चुकला."

मुकादम पुढे आला. मला वाटलं, आता हा हिला फटकवतो की काय. पण त्याचा चेहराच पडला. आपलंच जहाज मारलं असं वाटून तो मटकन खाली बसला. मला त्याची कीव आली, पण तोंडाला कुलूप लावून उभी राहिले.

होड्यांनी माणसं आणली ती धक्क्याच्या उतरणीवर एका ओळीत बसवली. चादरी गुंडाळलेली, खोकणारी, थरथरणारी. ती आपली नाहीत हे कळायला वेळ लागला नाही, कारण त्यातल्या एकदोघांनी किनारा लागताच मान वर केली. लोक धावून गेले. पण हातानं पाण्याबाहेर ओढून काढलेल्या माणसाला परत पाण्यात ढकलणं कुणाला जमेना. शिव्या देत देत चादरी पुरवल्या. पुढच्या कप्प्यातली माणसं आलीच नाहीत. जहाज समोरून येत होतं, म्हणून गोळा पुढेच फुटला; ती त्यानं गेली, आणि तो गोळा आमच्या दोन टोलांनी गेला होता.

काका शेवटच्या होडीतून आले; तोवर लोक बाकीच्यांना घेऊन वर गेले होते, उतरणीवर आम्हीच उरलो होतो. हातोडी अजून मुठीत होती, बोटं उघडत नव्हती. मावशी त्यांच्यासमोर बसली आणि एकेक बोट सोडवू लागली.

"खाच कुठे गेली?" तिनं विचारलं.

"बुजवली," काका म्हणाले. दात वाजत होते. "पाडली होती. निघायच्या आधी बुजवली."

"का?"

"तू बसलेली असणार. तुला कळलं असतं, की मी आहे." ते खोकले. "मग तू काय म्हणणार होतीस? काहीही म्हटलं असतंस तरी... म्हटलं, कळूच नये."

मग काकांनी विचारलं, "दोन टोल तूच दिलेस?"

"मीच."

"म्हणजे नीट बुजली होती," काका म्हणाले. कामाचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसलं, खोटं कशाला सांगू.

मावशीनं त्यांना दोन्ही हातांनी बदडायला सुरुवात केली. खांद्यावर, छातीवर, जिथे हात पडेल तिथे. "मला मारायला लावत होतात! माझ्याच कानानं तुम्हाला मारायला लावत होतात! आणि एवढं सगळं करून मग ठोकलंत कशाला? आं? गप्प बसायचं होतं ना मग!"

काका गोंधळले. खरोखरच विचार करत होते. "ठोकलं का मी?" म्हणाले. मग हातोडीकडे बघितलं. "सवय गं. बंदर आलं म्हणून."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण सांगताना मला त्रास होतो. आधी दोन आणि मग एक, असला कान भरवशाचा नाही, असं म्हणून मावशीची जागा काढून घेतली. आता लोक तिला 'बहिरी' म्हणतात आणि ती मान डोलावून हसते. तिचा कान चुकला नव्हता, हे आम्हा तिघांनाच माहीत आहे. पुढच्या कप्प्यातल्या माणसांबद्दल ती कधीकधी अचानक बोलायला लागते, भाजी निवडता निवडता, आणि मग तितक्याच अचानक थांबते. काकांवर पहारा बसवून त्यांना त्यांच्याच जुन्या भट्टीत कामाला लावलंय, आमच्या जहाजांचे पंखे घडवायला. मान वाकवायची सक्ती केली नाही, कारण पंख्यावर कानस चालवताना माणूस आपोआप वाकतोच. खाच पाडू की नको, असं काकांनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "पाडा. आणि खबरदार बुजवलीत तर."

रीत तीच राहिली. नवा पंखा निघाला की घडवणारा मागच्या कप्प्यात. काल काका आमच्या जहाजातून पहिल्या फेरीवर गेले, समोरच्या बेटांच्या बाजूला. तिथेही बांधाच्या टोकाला एक खोली असेल, तिथेही कुणीतरी वाट्या लावून बसलं असेल. त्याला ही खाच ओळखू येते की नाही, कोण जाणे.

वाट्या आता माझ्या कानाला आहेत. मावशीला खोलीत यायला बंदी आहे, म्हणून ती खिडकीबाहेर धुक्यात उभी असते. मला फक्त तिची चार बोटं दिसतात, चौकटीवर धरलेली. मघाशी ती बोटं उचलून तिनं काचेवर टकटक केली. मी खिडकी किलकिली केली.

"काही?"

"नाही अजून."

"बरं," ती म्हणाली. "ऐकू आलं की पुटपुटू नकोस. मोठ्यानं ओरड."